सातव्या कलमातला शब्द

सकाळी साडेनऊला घरमालक आणि बाइंडर एकत्र जिना चढून आले. एकत्र यायची इच्छा दोघांचीही नव्हती. पण अनुवादिकेचा नियम तसा होता. भांडणातला कागद ती एकट्या पक्षाकडून घेत नसे. दोघं दारात असतील तरच दार उघडायचं, मूळ कागद दोघांसमोर वाचायचा आणि चहा कुणालाच विचारायचा नाही.

बाइंडरबरोबर त्याची भाची होती. पुस्तकं बांधण्यात आयुष्य गेलेला हा माणूस लहानपणापासून ठार बहिरा. तो हातांनी बोलायचा आणि भाची त्याचे हात इतरांना वाचून दाखवायची. घरमालकाबरोबर कुणी नव्हतं. त्याने पिशवीतून भाडेकरार काढला आणि टेबलावर सरळ करून ठेवला.

"सांभाळून. बाबांच्या हातचा आहे."

"हातचा कुठला? टाइप केलेला आहे," भाची म्हणाली.

"टाइप काय पायाने करतात?"

अनुवादिकेने चष्मा लावला. करार जुना होता, इंग्रजीत होता आणि मालकाच्या वडिलांनी तो कुठल्याशा नमुन्यांच्या पुस्तकातून जसाच्या तसा उतरवून घेतलेला दिसत होता. सातवं कलम दोन ओळींचं होतं. भाडेकरूने सदर खोलीत 'रेव्हलरी' करू नये, करू देऊ नये. कलम मोडलं तर महिन्याभरात खोली सोडावी. लवाद अधिकाऱ्यांपुढची सुनावणी इंग्रजीत चालत नव्हती, म्हणून त्यांनी कराराचा अधिकृत अनुवाद मागवला होता.

हकिकत तिने विचारली नव्हती. तरी ती आलीच. बाइंडरच्या खोलीत महिन्यातल्या एका रविवारी चार-पाच माणसं जमत. एक घड्याळजी, एक शिंपीण, लाँड्री चालवणारं एक जोडपं. सगळी बहिरी. लाकडी जमिनीवर स्पीकर पालथा ठेवायचा, पायातलं काढायचं आणि गाणं तळपायांनी ऐकायचं. गेल्या रविवारी नाच जरा रंगला. खालच्या मजल्यावर मालकाची बायको डोळ्याच्या ऑपरेशननंतर डोकं न हलवता पडून होती. छताचा गिलावा सुटून तिच्या पांघरुणावर पडला.

"मी वर जाऊन दार ठोकलं," मालक म्हणाला. "हात सुजेपर्यंत ठोकलं. एकाने ढुंकून पाहिलं नाही."

भाचीने ते हातांनी सांगितलं. बाइंडरचे हात झरझर चालले.

"मामा म्हणतात, दार हादरलेलं पायांना कळलं होतं. त्यांना वाटलं, घड्याळजी रंगात आला."

"बघा! म्हणजे कळलं होतं!"

"काका, दाराबाहेर बटण आहे. ते दाबलं की आत दिवा लागतो. तुम्हीच बसवून दिलं होतंत ना ते?"

"रागात बटण कोण दाबतं?"

"हे सगळं तिथे सांगा," अनुवादिका म्हणाली. "मला कागद पुरे."

खिडकीशी खुर्चीत अनुवादिकेच्या सासूबाई बसल्या होत्या. मालक जिना चढताना कसा धापा टाकत होता, ते बाइंडरने गाल फुगवून त्यांना करून दाखवलं. सासूबाई खुदकन हसल्या. मग त्यांनी मालकाच्या पाठीकडे डोळे नेऊन भुवया उडवल्या आणि बाइंडर हसला. अनुवादिकेने पावती लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि दार लावलं.

"मालक वाईट नाही," सासूबाई म्हणाल्या. "फुगा आहे. टाचणी लागली तर रडेल."

घरात या दोघीच असत. नवरा बोटीवर नोकरीला होता आणि वर्षातून दोनदा, पाहुण्यासारखा यायचा. सासूबाई दिवसभर बोलत आणि मध्येमध्ये सुनेच्या कामात लक्ष घालत. हे लक्ष घालणं आता कामाचाच भाग झालं होतं. मूळ भाषा न येणाऱ्या माणसाला अनुवाद वाचून दाखवावा आणि मुळात जे आहे तेच त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहतं का ते पाहावं, अशी तिची पद्धत होती. अडलेल्या जागी ती दोन शब्द काढायची आणि दोन्ही सासूबाईंना वाचून दाखवायची. सुरुवातीला त्या कारणं देत, वाद घालत, एकदा तर एका मृत्युपत्रावरून दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या. आताशा त्या फक्त 'पहिला' किंवा 'दुसरा' म्हणत. सरावाने कान तयार झाला, असं अनुवादिकेला वाटे.

बाकीचा करार दुपारपर्यंत झाला. सातवं कलम राहिलं.

कोशातला अर्थ सरळ होता. गोंगाट करत, मोकाट केलेली मौज. तिने मूळ पाहिलं. इंग्रजीत शब्द जुन्या फ्रेंचमधून आला होता आणि तिथे तो दंगा घालणं, आरडाओरडा करत मजा करणं, असा होता. फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला होता आणि तिथे त्याचा अर्थ होता बंड करणं, पुन्हा लढाईला उभं राहणं. त्याच लॅटिन शब्दातून इंग्रजीला बंडाचाही शब्द मिळाला होता. एक भाऊ तुरुंगाच्या वाटेला लागला, दुसरा मेजवानीच्या.

कच्च्या कागदावर तिने आपले शब्द उतरवले. मौजमस्ती, धमाल, जल्लोष, धिंगाणा, धुडगूस, हैदोस. एका टोकाला लग्नघर आणि दुसऱ्या टोकाला पोलीस. मधलं एकेक खोडत ती दोनांवर आली आणि सासूबाईंच्या समोर स्टूल ओढून बसली.

"आई, ऐका. पहिला. भाडेकरूने सदर खोलीत मौजमस्ती करू नये. दुसरा. भाडेकरूने सदर खोलीत धिंगाणा घालू नये."

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. नेहमीच पाहत.

"पहिला."

"नक्की?"

"इतक्या वर्षांत कधी चुकले का मी?"

अनुवादिकेला हायसं वाटलं. धिंगाणा म्हटलं की तो शांत, हसरा माणूस आधीच गुन्हेगार ठरत होता. मौजमस्ती म्हटल्यावर कोण कुणाला घराबाहेर काढेल? हा विचार तिने पुरता मनात येऊ दिला नाही. ती कुणाच्याच बाजूची नव्हती. मूळ शब्दातला गोंगाट 'मस्ती'त येतोच, असं स्वतःला सांगून तिने शब्द टाइप केला, खाली सही केली आणि शिक्का मारला.

गुरुवारी अकराला लवाद अधिकाऱ्यांच्या खोलीत सुनावणी सुरू झाली. लांबट खोली, एक टेबल, भिंतीला लागून खुर्च्या. मालकाने मांडीवर एक रुमाल धरला होता. त्यात गिलाव्याचे तुकडे होते. तो बायकोचे डॉक्टरचे कागदही घेऊन आला होता आणि रात्रभर पाठ केल्यासारखा ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता.

अधिकाऱ्यांनी सातवं कलम मोठ्याने वाचलं. मग बाइंडरकडे पाहून विचारलं, "त्या रविवारी तुमच्या खोलीत मौजमस्ती झाली का?"

भाचीने हात चालवले. बाइंडरचा चेहरा उजळला. त्याने दोन्ही तळवे छातीपाशी आणले आणि पाखरं उडवावीत तसे वर सोडले. तसं त्याने दोनदा केलं.

अधिकारी भाचीकडे वळले.

"काय म्हणाले?"

"मामा म्हणतात..." तिने मामाकडे पाहिलं. "झाली. खूप झाली. त्यासाठीच तर जमतो."

"नोंद घ्या," अधिकारी लेखनिकाला म्हणाले.

मालक उठून रुमालाची गाठ सोडू लागला.

"राहू द्या. त्याची गरज नाही. त्यांनी मान्य केलंय."

"पण गिलावा..."

"मौजमस्ती करू नये असं लिहिलंय. त्यांनी ती केली. आवाज झाला की नाही, किती झाला, हा प्रश्नच येत नाही आता."

मालक खाली बसला. जिंकलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. त्याने रुमालाची गाठ पुन्हा मारली आणि बाइंडरकडे पाहिलं. बाइंडर अजून हसतच होता.

अनुवादिका मागच्या खुर्चीत ताठ झाली. धिंगाण्याला बाइंडर नाही म्हणाला असता. मग मालकाला तो सिद्ध करावा लागला असता, गिलावा निघाला असता, दिव्याचं बटण निघालं असतं, माणसं बोलली असती. तिच्या मऊ शब्दाने त्या खोलीत हसणंसुद्धा बंद करून ठेवलं होतं. धिंगाण्याची बाजू जड आणि मौजेची हलकी, असं तिने धरलं होतं. वजन उलटं होतं.

अधिकाऱ्यांनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली.

बाहेरच्या बाकावर भाची आणि बाइंडर बसले होते. अनुवादिका पक्षकारांशी बोलत नसे. ती पाण्याच्या नळाकडे निघाली, तेवढ्यात भाचीने हाक मारली.

"मॅडम, मामा विचारतायत, आजी बऱ्या आहेत ना?"

"कोण आजी?"

"तुमच्या सासूबाई. येत्या रविवारी त्यांना आमच्याकडे पाठवा म्हणतायत. या महिन्यात दुसऱ्यांदा जमणार आहेत. खोली हातात आहे तोवर. मामा म्हणतात, आमच्यातल्या माणसाला घरी फार एकटं पडतं."

"आमच्यातल्या म्हणजे?"

भाचीने मामाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

"त्यांना चांगलं ऐकू येतं."

बाइंडरने काय चाललंय ते विचारलं असावं, कारण भाचीने हातांनी थोडक्यात काही सांगितलं. त्याने मान हलवली आणि सावकाश, समजावून दिल्यासारखे हात चालवले.

"मामा म्हणतात, तुम्ही पावती लिहायला पाठ केलीत तेव्हा काकांनी आजींना विचारलं, पंखा लावू का? दोनदा विचारलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग तुम्ही वळलात आणि त्या लगेच बोलायला लागल्या. त्या तोंडाकडे बघून बोलतात, मॅडम. मामा पण लहानपणी तसंच करायचे, शाळेत मार बसू नये म्हणून."

अनुवादिका बाकावर बसली. सासूबाईंनी रेडिओ देऊन टाकला होता. "आजकाल ऐकण्यासारखं असतं काय?" फोन वाजला की त्या म्हणत, तूच घे, माझ्यासाठी कोण करणार? आणि पहिला. आणि दुसरा.

बाइंडरने बाकाच्या फळीवर तळहाताने हलकेच दोनदा थाप मारली. ती तिला मांड्यांखाली जाणवली. त्याच्या बोलण्यात या खुणेचा अर्थ काय, ते तिने विचारलं नाही.

आत गेल्यावर ती सर्वांच्या आधी बोलली.

"साहेब, माझा अनुवाद मला मागे घ्यायचा आहे. सातव्या कलमापुरता."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "सही-शिक्क्याची प्रत आहे ही. याआधी असं कधी केलंत?"

"नाही."

"कारण?"

"मी अडलेला शब्द एका माणसाला वाचून दाखवते. त्यावरून ठरवते. त्या माणसाला..." ती थांबली. "ती तपासणी झालेलीच नाही, असं आत्ता माझ्या लक्षात आलं."

"याच प्रकरणात झालेली नाही?"

तिने टेबलाच्या कडेकडे पाहिलं. "ते मला आज सांगता येणार नाही."

"हे बरंय!" मालक उभा राहिला. "त्याने हो म्हटल्यावर शब्द बदलायचा? उद्या मी पण म्हणेन, माझा गिलावा मागे घेतो!"

"तुमची हरकत नोंदवतो. त्यांचं हो सुद्धा नोंदलेलं आहे, ते पुसलं जाणार नाही. ते धरायचं की नाही, हे नवा अनुवाद पाहून ठरवीन." अधिकारी अनुवादिकेकडे वळले. "सोमवार सकाळपर्यंत."

भाची हे सगळं मामाला सांगत होती. त्याने मध्येच तिचा हात धरून थांबवलं आणि स्वतः काही विचारलं.

"मामा विचारतात, त्यांनी खोटं सांगितलं का?"

"नाही. तसं कुणी म्हणत नाही."

"मग ते म्हणतात, मौज केली ती केली. शब्द कुठलाही लिहा. केली नाही, असं ते खोलीसाठी सांगणार नाहीत."

"ऐकलंत?" मालक अधिकाऱ्यांना म्हणाला. पण आवाज खाली आला होता. "आधीपासून असाच आहे तो. गाढवासारखा."

"हे सांगू मामांना?" भाचीने विचारलं.

"त्याला माहीत आहे."

घरी आल्यावर अनुवादिकेने पायातलंही काढलं नाही. सासूबाईंसमोर स्टूल ओढलं, कराराची प्रत उचलून चेहऱ्यासमोर धरली आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात वाचलं. पहिला. मग दुसरा.

काहीच उत्तर आलं नाही.

"आई?"

"अगं, कागद खाली घे ना," सासूबाई म्हणाल्या. "मध्ये कागद धरलास तर ऐकू कशी?"

तिने कागद खाली घेतला. सासूबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि त्यांचा स्वतःचा बदलला. त्यांनी पदर उगाच सारखा केला.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं? त्या बाइंडरने ना? वाटलंच मला. चोराची पावलं चोराला."

"कधीपासून?"

"हळूहळू गेलं. आधी पक्षी गेले. मग कुकरची शिट्टी. मग तुम्ही."

"मला सांगायचंत."

"तू कधी विचारलंस?"

"रोज विचारत होते."

"तू शब्द विचारत होतीस."

अनुवादिकेने स्टूल आणखी पुढे ओढलं. मग ओठ नीट हलवत म्हणाली, "मग पहिला-दुसरा कसं सांगायचात?"

"तूच सांगायचीस की. जो हवा असेल, तो म्हणताना तुझं कपाळ सुटायचं. नको असेल तिथे इथे," त्यांनी स्वतःच्या भुवयांमध्ये बोट ठेवलं, "गाठ पडायची. मी आपली गाठ सोडून दुसरं सांगायचे. तूही खूश, मीही कामाची. बाइंडरच्या कागदाला तर पहिल्यावर हसायच्या बेतात होतीस. म्हटलं, त्या भल्या माणसाचं बरं व्हावं असं वाटतंय हिला."

"त्या पहिल्या शब्दानेच त्यांची खोली जाईल कदाचित."

सासूबाईंना ते नीट दिसलं नसावं. तिने पुन्हा सांगितलं, कसं ते सांगितलं.

"मग दुसरा लिही."

"आता दुसरा लिहिला तर तो त्यांना वाचवायला लिहिल्यासारखा होईल."

"खरा कुठला?"

तिने शब्दाची कुळकथा सांगितली. लढाई, मग बंड, मग दंगा, मग दंगा करत केलेली मौज. सासूबाई पुढे झुकून पाहत होत्या आणि एकदाही मध्ये बोलल्या नाहीत, हे तिला पहिल्यांदा जाणवलं.

"म्हणजे आधी बंड केलं आणि मग नाचले," सासूबाई म्हणाल्या, "की नाचले म्हणून लोकांना बंड वाटलं?"

"ते कोशात नाही."

"मग कोशात असतं तरी काय?"

अनुवादिका हसली, आणि हसताना सासूबाई आपल्या कपाळाकडे पाहतायत हे दिसताच थांबली.

"आई, मला मौज आणि गोंगाट दोन्ही असलेला शब्द हवाय, एकीकडे न झुकणारा. सापडत नाहीये. आणि सापडला तरी वाचून कुणाला दाखवू?"

"मला नको," सासूबाई म्हणाल्या. "मी फितूर आहे."

मग तिने रविवारचं आमंत्रण सांगितलं. लपवणं शक्य होतं. पाठ केली असती तरी पुरलं असतं. तिने समोर बसून सांगितलं आणि वर जोडलं, "पण जाता येणार नाही तुम्हाला. प्रकरण माझ्याकडे आहे. मी त्यांच्याकडे पाणीसुद्धा पीत नाही."

"प्रकरण तुझ्याकडे आहे. माझ्याकडे काय आहे?"

शुक्रवारी तिने अधिकाऱ्यांच्या कचेरीत फोन करून, घरातली व्यक्ती भाडेकरूकडे पाहुणी जाणार असल्याचं कळवलं. लेखनिकाने ते लिहून घेतलं आणि विचारलं, अनुवाद दुसऱ्याकडे द्यायचा का? ती म्हणाली, साहेबांना विचारा. शनिवारपर्यंत साहेबांकडून काही आलं नाही.

रविवारी चारला भाची सासूबाईंना न्यायला आली. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि जिना उतरताना त्या भाचीशी अखंड बोलत होत्या. अनुवादिका टेबलाशी बसली. कराराची सगळी पानं पुन्हा छापून झाली होती. सातव्या कलमात 'भाडेकरूने सदर खोलीत' आणि 'करू नये' यांच्यामध्ये जागा मोकळी होती. कच्च्या कागदावर आता बावीस शब्द होते. तिने त्यातला एकेक मोठ्याने उच्चारून पाहिला. मग आरशासमोर जाऊन पाहिला आणि परत येऊन बसली.

सव्वासहाला भाचीचा फोन आला. आजींना उशीर होईल, मी पोचवते, काळजी करू नका. तिच्या आवाजामागे लाकडावर पडणारी पावलं ऐकू येत होती, सगळी एका तालात नसलेली. मग पावलं एकदम थांबली.

"काय झालं?" अनुवादिकेने विचारलं.

"खालचे काका वर आलेत," भाची हळू आवाजात म्हणाली. "दारात उभे आहेत. अजून काही बोलले नाहीत."